पांढरीतला लाल मणी

इंदापूर तालुक्यातल्या शाळेत शिकवत असताना पाचवीतला एक मुलगा शर्टाच्या खिशात मणी घेऊन आला होता. हरभऱ्याएवढा, गडद लाल, आरपार भोक असलेला. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती ट्रॉलीनं उसाच्या रानात टाकली, त्यात तो सापडला. आजीनं सांगितलं होतं, हा दिठीचा मणी, धाकट्याच्या करगोट्यात ओवायचाय, बाईंना दाखवून माघारी आण. मी तो उन्हाकडे धरला तर आतून केशरी उजेड आला. मुलानं विचारलं, "बाई, हे भोक कशानं पाडलं असंल?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून काढलं. तो तांबडा अकीक. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत हा दगड तयार होतो आणि कातळ झिजला की गारगोट्यांबरोबर नदीच्या पात्रात येऊन पडतो. भाजला की त्याचा लाल रंग खुलतो. चाकूनं ओरखडा उठत नाही इतका तो कठीण. ज्यांच्याकडे लोखंडच नव्हतं, अशा माणसांनीही असे मणी घासून गोल केले आणि बारीक टोकाचं गिरमिट फिरवत फिरवत विंधले. एका मण्यामागं किती वेळ आणि किती धीर गेला असेल, याचा विचार मी अजूनही करते.

तो मणी कोणत्या काळचा, हे मात्र कुणालाच सांगता येणार नाही. कारण माती जागची हलली होती. मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यावरच.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. त्याच्याशी बोलताना तिथल्या लायडेनच्या संग्रहालयातल्या, अशीच जागा हरवलेल्या, जेडच्या एका पट्टीबद्दल कळलं. जेड म्हणजे हिरवा, अकीकासारखाच कठीण दगड. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांना तो सोन्याहून मोलाचा होता. त्यांच्याकडेही लोखंड नव्हतं, तेही वाळू, पाणी आणि दोरी घेऊन तो कापत. ही वीतभर लांबीची पट्टी राजाच्या कमरपट्ट्याला लटकवायचा दागिना. एका बाजूला पायाखाली कैदी घेतलेला राजा, दुसऱ्या बाजूला कोरलेली तारीख, जी आपल्या हिशोबानं इसवी सन 320 मधली येते. 1864 साली ग्वाटेमालात पुएर्तो बारिओसजवळ कालवा खोदताना ती मजुरांना मिळाली. कालव्याच्या गडबडीत आजूबाजूला काय होतं, कुणाची हाडं होती, कोणती भांडी होती, ते गेलं. अभ्यासक तिकाल या शहराचं नाव घेतात, पण तेही कोरीव कामावरून. तारीख अंगावर कोरलेली असूनही दागिना पोरका झाला.

आता दुसरी गोष्ट पाहा. 1952 साली मेक्सिकोतल्या पालेंकेच्या देवळाखाली आल्बेर्तो रुस या पुरातत्त्वज्ञानं जिन्यातला राडारोडा काही वर्षं उपसून पाकाल या माया राजाची कबर उघडली. राजा 683 साली वारलेला. तोंडावर जेडचे तुकडे जोडून केलेला मुखवटा, दोन्ही हातांत जेड, आणि तोंडातही जेडचा मणी. हे वाचलं तेव्हा मला आमच्या थोरल्या काकींच्या तोंडात ठेवलेलं तुळशीपत्र आणि सोन्याचा बारीक तुकडा आठवला. कुठं तो देश आणि कुठं नीरेचा काठ! पण मणी तोंडात होता हे आपल्याला कळलं, ते तो जागेवर सापडला म्हणून. तोच मणी बाजारात सुटा आला असता तर नुसता हिरवा मणी राहिला असता.

आपल्याकडे हे कुणी दाखवून दिलेलं नाही असं नाही. बारामती तालुक्यातलं सोनगाव, जिथं कऱ्हा नीरेला मिळते, तिथं 1965 साली डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव आणि मुजुमदार यांनी उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपलीकडची ताम्रपाषाणयुगीन वस्ती तिथं निघाली. तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणारी ही जोर्वे संस्कृतीची माणसं. सोनेश्वराच्या दर्शनाला लहानपणापासून मी कितीदा गेले, पण पायाखालच्या मातीबद्दल मला पहिल्यांदा कळलं ते चाळिशी उलटल्यावर.

याच लोकांची नेवाशाला सापडलेली गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे. एका लहान मुलाच्या सांगाड्यावर तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजानं आतला दोरा जपला. तपासला तर त्यात कापसाबरोबर रेशीमही निघालं. आपल्या जिल्ह्यातल्या इनामगावला 1968 पासून बारा हंगाम खणलं, तिथं तर लेकरं घराच्याच जमिनीखाली, दोन रांजणांची तोंडं जुळवून पुरलेली मिळाली. आईला लेकरू उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं, असं मला वाटतं. नेवाशाचा दोरा काय किंवा हे रांजण काय, ट्रॉलीत भरले असते तर हाती काय लागलं असतं?

काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, हाडं यांनी ती पांढरट होते आणि म्हणूनच पिकाला मानवते. माझ्या वडिलांनीही बैलगाडीनं आणली होती. शेतकऱ्याला दोष द्यायला मी लिहीत नाही. पण बैलगाडीनं दहा वर्षांत जेवढी माती उचलली जायची तेवढी जेसीबी दोन दिवसांत उचलतो. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूरची कितीतरी जुनी गावठाणं आधीच गेली. पाणी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आपण फोटो काढायला जातो. जे पाण्याबाहेर शिल्लक आहे, त्याकडे कोण बघतंय?

जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा 1878 पासून आहे. त्याच्या धाकानं लोक वस्तू लपवतात. मला धाक नको, नोंद हवी. प्रत्येक गावानं आपली पांढर कुठून कुठपर्यंत, हे गावनकाशावर आखून घ्यावं. तिथली माती उचलण्याआधी ग्रामसभेत ठराव व्हावा आणि पुण्याहून कुणी जाणकार येऊन एकदा पाहून जावा. सोनगावची खापरं सोनगावच्या मुलांना गावातच पाहता यावीत, त्यासाठी शाळेची एक खोलीही पुरेल.

त्या मुलाच्या आजीकडे मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. मणी मागायला नाही, तो बाळाच्या कमरेला शोभत होता. जागा विचारायला गेले. आजी काठी टेकत पांढरीपर्यंत आल्या, निम्मी टेकडी उकरून झाली होती. "हितनंच," म्हणाल्या, आणि काठीनं कडेला रेघ ओढली. सरळ कापलेल्या मातीत राखेचा एक काळा थर दिसत होता, त्याच्याखाली लाल खापराची कड. त्यांनी मुलाला हाक मारली आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगून यायला पाठवलं, की ह्या रेघेच्या पलीकडं उद्यापासून फावडं लावायचं नाही.