शास्त्रज्ञ माशा मारत बसतात म्हणे!

सरकारी पैशावर शास्त्रज्ञ माशा मारत बसतात, हा टोमणा चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतो. मित्रांनो, त्या माशांबद्दल थोडं वाचा, मग बोला.

माशी म्हणजे पिकलेल्या केळीवर घोंगावणारं चिलट, ड्रोसोफिला. (काकडी-कारल्यातली फळमाशी वेगळी.) तिच्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकं तीच. तरी कुठे पाय होतो, कुठे डोळा. कारण नको ती जनुकं पेशी बंद ठेवते. १९४७ मध्ये अमेरिकेत पामेला लुईस यांनी एक बदल नोंदवला. नराच्या फक्त पुढच्या पायांवर असणारे केसांचे 'कंगवे' मागच्या पायांवरही उगवत होते. बंद ठेवणारी यंत्रणाच ढिली पडली होती. त्यावरून तिच्या प्रथिनांना पॉलीकोम नाव पडलं.

ही प्रथिनं नेमक्या जनुकापाशी पोचतात कशी? डीएनएवरच काहीशे अक्षरांचा पत्ता लिहिलेला असतो. 'फो'सारखी प्रथिनं तिथं बसतात आणि पॉलीकोमची टोळी गोळा होते. डीएनए ज्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवर ती शिक्का मारते: बंद! २०१७ मध्ये दोन गटांनी हा पत्ताच कापून पाहिला. जुने शिक्के होते, पण पेशी विभागत गेल्या तसे ते विरळ झाले आणि जनुक पुन्हा चालू झालं. नुसता शिक्का पुरत नाही, जागेवर माणूस लागतो. सरकारी कार्यालयात खेटे घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्याला काय त्याचं? शिक्का मारणाऱ्या प्रथिनाचा भाऊ माणसातही आहे, ईझेडएच२. काही कॅन्सरमध्ये तो बेताल होतो. त्याला रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. सुरुवात माशीच्या पायापासून झाली होती.

हे काम परदेशातच होतं असंही नाही. हैदराबादच्या सीसीएमबीत राकेश मिश्रा यांच्या गटाने याच पत्त्यांवर काम केलंय. २०२० मध्ये आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले होते. तिथंही चिलटांवर संशोधन चालतं. अडचण आली की ज्यांच्याकडे धावायचं, त्यांच्या रोजच्या कामाला एरवी हसायचं, हे बरं नव्हे.

चिलटं पाळायला बाटली, मक्याचं पीठ, साखर अन् यीस्ट लागतं. दहा-बारा दिवसांत नवी पिढी. चिखली, मेहकर, मलकापूरच्या कॉलेजांत हे सहज जमेल. पालकांनो, प्रवेश घेताना फी विचारता, तशी प्रयोगशाळा उघडते का, तेही विचारा.