टब गेला, कट्टा आला

तीन दिवसांत बाथरूम नवं होत नाही. या आठवड्यात पेपराच्या घडीतून जो गुळगुळीत कागद घरोघर पडला, त्यावर नेमकं हेच वचन आहे: जुना टब काढून नवा शॉवर, तीन दिवसांत, तोडफोड न करता, जुन्या टाइलवरच नवी टाइल डकवून. मला त्या कागदाचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आमच्याकडे हे काम नुकतंच उरकलं आहे. 

टब आम्ही हौसेनं घेतलेला नव्हता, फ्लॅटबरोबर आला होता. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या अनेक बिल्डरांनी मोठ्या फ्लॅटच्या एका बाथरूममध्ये टब बसवून दिला. पुढे त्यात पाणीकपातीच्या दिवसांत पाणी साठवलं गेलं, चादरी भिजल्या, दिवाळीआधी माळ्यावरची भांडी निघाली. अंघोळीचा हिशेब मात्र कधी जुळला नाही. साधा टब भरायला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात, त्यात अंघोळीचा वाटा 55 लिटरचा. 25 लिटरच्या गिझरमधलं 60 अंशांचं पाणी थंडीतल्या 20 अंशांच्या पाण्यात मिसळून 40 अंशांवर आणलं तर 50 लिटर होतं. तेवढ्यात पाव टब भरतो.

आईची अडचण पाण्याची नव्हती, काठाची होती. शॉवर टबाच्या वर, त्यामुळे अंघोळीला रोज दीड-दोन फुटांचा काठ ओलांडायचा आणि ओल्या, निसरड्या तळावर एका पायानं उतरायचं. ऐंशी उलटलेल्या बाईनं हे का करावं? ती पडली नाही, पण पडायची भीती तिला इतकी बसली की ती अंघोळ टाळायला लागली. तिनं ते सांगितलं नाही. आज सर्दी आहे, आज गार वाटतंय, अशी कारणं ती देत राहिली. घरात वयस्कर माणूस अंघोळीला टाळाटाळ करत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी बाथरूमची जमीन पाहा.

आमचे प्लंबरदादा ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातले. देशभरातले कितीतरी प्लंबर या एका जिल्ह्यातून येतात. आधीच्या पिढ्यांनी कोलकात्यात हे काम शिकून घेतलं आणि गावातल्या पोरांना मागोमाग ओढलं. आता तिथे पट्टमुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. दादा पुण्यात येऊन मराठी शिकले, आईला 'आई' म्हणतात आणि मला 'ताई'. टब निघाल्यावर त्यांनी भिंतीतून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. नावाला अर्ध्या इंचाचा पाइप, आत गंज साचून पेन्सिल जाईल एवढंच भोक. "ताई, पाणी येतंय म्हणून पाइप चांगला नसतो," ते म्हणाले. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली असती, तर हा पाइप आणखी एका थराआड गेला असता. वर जमिनीची उंची वाढून पाणी दाराबाहेर यायची सोय झाली असती, ती वेगळीच.

गरम पाण्याला सीपीव्हीसीचे पाइप, जुन्या जीआयचा एक तुकडाही मागे ठेवायचा नाही, हे लगेच ठरलं. निचऱ्याचं मला माहीत नव्हतं, ते दादांनी समजावलं. टबाचं पाणी टबातच थांबतं, ते दीड इंची पाइपातून सावकाश गेलं तरी चालतं. शॉवरचं पाणी जमिनीवर पडतं, त्याला लगेच वाट लागते. म्हणून टबाच्या जुन्या भोकावर जाळी ठेवून भागत नाही. नहाणी ट्रॅप नवा आणि रुंद घ्यावा लागतो, जमिनीचा ढाळ मीटरभरात एक-दीड सेंटिमीटर त्याच्याकडे काढावा लागतो, आणि ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम राहील असं पाहावं लागतं, कारण झुरळं आणि वास तेच पाणी अडवतं. पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा डायव्हर्टर भिंतीत बसतो, त्याच्या तोंडावर प्लास्टिकची टोपी असते, तिच्यावर दोन रेषा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन रेषांच्या मधेच आला पाहिजे. गवंड्यानं गिलावा जाड केला, तर डायव्हर्टरचा दांडा भिंतीत बुडतो आणि नवीकोरी भिंत पुन्हा फोडावी लागते.

माझं वाजलं ते ठेकेदाराच्या माणसाशी, आणि ते पाण्याच्या चाचणीवरून. वॉटरप्रूफिंगचा थर सुकला की ट्रॅपच्या तोंडात बोळा घट्ट बसवून जमिनीवर पाणी भरायचं आणि ते 48 तास तसंच ठेवायचं. पातळीवर खूण करायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचं. त्या माणसाला दुसऱ्याच दिवशी सकाळी टाइलवाले आणायचे होते. त्यांची रोजंदारी कोण देणार, असं तो मला विचारत होता. मी म्हटलं, मी देते, पण पाणी हलणार नाही. आपल्या बाथरूममधून खाली झिरपलेलं पाणी सोसायटीत शेवटी सभासदालाच निस्तरावं लागतं, आणि त्यापेक्षा मोठं नुकसान पैशांत मोजता येत नाही. आमच्याच इमारतीत गळक्या छतावरून दोन घरांचं बोलणं तुटलेलं आहे. एका घरच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरची बाई जात नाही. खालच्या काकूंना मी काम सुरू होण्याआधीच भेटून आले होते. त्यांनी दोन्ही दिवस छताकडे लक्ष ठेवलं आणि कोरडं असल्याचं त्याच वर येऊन सांगून गेल्या.

आता कट्ट्याबद्दल, कारण मला खरं लिहायचं होतं ते त्याच्यावर. दुकानात सगळे छतातून पडणारा मोठा शॉवर दाखवतात. त्याला दाब हवा. दहा मीटर उंचीच्या पाण्यानं एक बार दाब मिळतो आणि वरच्या मजल्यावरच्या घराला गच्चीवरची टाकी जेमतेम तीन मीटर उंच पडते. म्हणजे पंप आला, त्याचा आवाज आला. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मी बसू कुठे?"

त्या प्रश्नाचं उत्तर दुकानात कुणाकडे नव्हतं. आपल्याकडे अंघोळ ही बसून करायची गोष्ट होती. आईच्या कोकणातल्या घरी न्हाणी परसदाराशी होती. बसायला दगड, बाजूला तांब्याचा बंब, पाणी काढायला घंगाळं. सांडपाणी बाहेर अळूच्या वाफ्यात आणि केळीच्या बुंध्याशी जायचं. तिची आजी शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं अंघोळ करत होती. गुडघे दुखले तरी पाटावर बसलं की पुढचं सगळं हाताशी असायचं: पाणी, तांब्या, शिकेकाई, पाय घासायची वजरी. दिवाळीचं अभ्यंग आपण आजही पाटावर बसूनच घेतो. मग शहरात आल्यावर अंघोळ उभ्यानं करायची, हे कुणी ठरवलं? कुणीच ठरवलं नाही. नळ उंचावर लागले, शॉवर त्याहून वर लागला, आणि माणसं उभी राहिली. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही. गुडघे गेलेल्या, चक्कर येणाऱ्या, डोळे मिटून केस धुताना तोल जाणाऱ्या माणसाला ते रोज जाणवतं. बंब परत यावा असं मला म्हणायचं नाही, गिझर चांगला आहे. बसायची जागा मात्र परत यायला हवी.

दादांना हे सांगायलाच लागलं नाही. त्यांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हात पुढे करायला लावला आणि भिंतीवर खडूनं खुणा केल्या. कट्टा सतरा-अठरा इंच उंच, वर खरबरीत दगड. डायव्हर्टर बसल्याजागी हात पोहोचेल तिथे, आणि पाणी अंगावर घेण्याआधी गरम-थंड जुळवता यावं म्हणून शॉवरच्या धारेपासून बाजूला. गरम डावीकडे, थंड उजवीकडे, घरातल्या बाकी नळांसारखंच. हँडशॉवर दांडीवर खालीवर सरकणारा. बादलीचा नळ ठेवलाच, कारण आई तांब्या सोडणार नाही आणि तिनं तो का सोडावा? उंबरा काढून टाकला, आणि टाइल चकाकीची न घेता आर 11 दर्जाची, पायाला पकड देणारी घेतली. मला तरी बाथरूममध्ये याहून शोभिवंत काही दिसत नाही. आता आई दार ढकलून आत जाते आणि सावकाश, स्वतःच्या वेळेनं अंघोळ करून येते.

तुमच्या घरात हे काम निघणार असेल, तर दोन गोष्टी जरूर करा. हाताला धरायचे दांडे आज लावायचे नसले, तरी त्यांची जागा आजच ठरवा आणि तिथे भिंत भक्कम करून घ्या. हलक्या, पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधे स्क्रू माणसाचं वजन धरत नाहीत. आणि भिंत बंद होण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरून, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे वाचता येईल असे. पुढे कधी दांडा बसवायला ड्रिल लावणाऱ्या माणसाला आधी ते फोटो दाखवा, मगच भिंतीला हात लावू द्या.