प्रकरण गळ्याशी आलं!
थायरॉइड म्हटलं की आपल्याला टीएसएच टेस्ट आणि हट्टी वजन आठवतं. डीआर काँगोत, किवू सरोवरातल्या इज्वी बेटावर मात्र तो गळ्यावरच दिसायचा, गलगंड होऊन. १९६०च्या दशकापासून संशोधक तिथे कारण शोधत होते. मातीत आयोडीन कमी, त्यात रोजचं खाणं कसावा. (आपला साबुदाणा ज्याचा होतो ना, तोच कंद!) तो नीट भिजवला नाही तर त्यातून सायनाइड सुटतं. शरीरात त्याचं थायोसायनेट बनतं आणि ते उरलंसुरलं आयोडीनही थायरॉइडला मिळू देत नाही. गर्भारपणात हा तुटवडा पडला, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. अन् उपाय? कडू कसावा तीन-चार दिवस भिजवायचा, आयोडीनयुक्त मीठ वापरायचं. खरं काम आहे ते हे घरोघरी, त्यांच्याच भाषेत पटवण्याचं. आणि हो, मीठ बंद डब्यातच ठेवा, उघड्यावर आयोडीन उडून जातं.