कर्कश संगीत, पडद्यावरचे खेळ आणि मर्यादा

नव्या पिढीच्या आवडीनिवडीविषयी जुन्या पिढीने तक्रार करावी, ही रीत फार पुरातन आहे. आणि त्या तक्रारीकडे नव्या पिढीने कानाडोळा करावा, हीही रीत तितकीच पुरातन आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातील आमच्या ढाणकीसारख्या गावीही सांप्रत हा वाद घरोघरी ऐकू येतो. वादाचे विषय मात्र दोन नवे आहेत. पहिला विषय म्हणजे 'मेटल' या नावाने ओळखले जाणारे, मुलांच्या कानांतील यंत्रातून बाहेरही झिरपणारे पाश्चात्त्य धाटणीचे कर्कश संगीत. आणि दुसरा म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील खेळ, ज्यांस मुले 'गेम' म्हणतात. वडील म्हणतात, "हे गाणे नव्हे, आरडाओरडा आहे, आणि गेमच खेळायचे तर आमच्या वेळचे मारिओ आणि कॉन्ट्रा काय वाईट होते?" चिरंजीव म्हणतात, "तुमच्या मारिओत आहे काय? चौकोनी ठिपक्यांचा बाहुला!"

उभय पक्षांचे म्हणणे ऐकून घेऊन आम्ही आमचे मत विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवू इच्छितो. ते थोडक्यात असे की, दोन्ही पक्षांनी हाती घेतलेले माप खोटे आहे. गोष्ट जुनी की नवी, मंजुळ की कर्कश, यावरून तिची परीक्षा होत नाही. तिला काही मर्यादा आहे काय, आणि ती माणसाकडून श्रम मागते की नुसता वेळ मागते, हे खरे माप होय.

प्रथम संगीताचा विचार करू. या संगीताचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी झाला. तेथे १९६५ साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका हाच. मुलगा निराश होऊन बसला असता कारखान्यातील मुकादमाने त्यास जँगो राइनहार्टची तबकडी ऐकविली. हा वादक आगीत हात भाजल्यानंतर दोनच बोटांच्या बळावर जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटविले आणि बारीक तारा चढविल्या. त्यातून जो जड, खर्जातला, घणासारखा नाद निघाला, त्यावर 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीची पहिली तबकडी १९७० साली निघाली, आणि तेथूनच या संगीताची परंपरा सुरू झाली असे जाणकार मानतात. त्याच मंडळीने ५ जुलै २०२५ रोजी आपल्या जन्मगावीच शेवटचा जलसा केला. ज्यास आपण आरडाओरडा म्हणतो, त्याच्या मुळाशी एका जखमी कामगार मुलाची जिद्द आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या देशातही हे रोप रुजले आहे. मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' या नावाचा जलसा भरू लागला आणि पुढे कित्येक तरुण मंडळ्यांस त्याने व्यासपीठ दिले. त्याच मुंबईत २००० साली स्थापन झालेल्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या मंडळीने २०१७ साली विष्णूच्या दशावतारांवर एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका काढली. दिल्लीच्या 'ब्लडीवूड' मंडळीने तर विद्युत् गिटारच्या जोडीस ढोल घेऊन २०१९ साली जर्मनीतील वाकेन येथील मोठ्या मेळ्यात आपली कला सादर केली. म्हणजे वाद्य परके असले तरी विषय आणि ताल आपले असू शकतात.

या संगीतावर सैतानी असल्याचा जो आरोप होतो, तो आमच्यासारख्यांस झटकून टाकता येत नाही. १९९२ पासून काही काळ नॉर्वे देशात या संगीताच्या एका शाखेतील काही तरुणांनी चर्चे जाळली आणि त्यांपैकी काहींस न्यायालयाने शिक्षा दिल्या, हे सत्य आहे. परंतु हेही सत्य आहे की, 'ब्लॅक सॅबथ' मंडळीनेच १९७१ साली देवावरील विश्वासाच्या बाजूने बोलणारे गीत गाईले. आणि अमेरिकेतील 'स्ट्रायपर' ही मंडळी याच वाद्यांवर ख्रिस्ती गीते गात असे व रंगमंचावरून श्रोत्यांकडे नव्या कराराच्या प्रती फेकीत असे. चाल स्वतः पापीही नसते आणि पुण्यवानही नसते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंगाच्या व भजनाच्या चाली मराठी मंडळीच्या उपासनेत आणल्या, तेव्हा पात्र जुनेच होते. त्यात काय भरावयाचे, हे भरणाराने ठरविले. म्हणून मुलांस आमचे सांगणे एवढेच की, गीताचे शब्द एकदा कागदावर उतरून काढा आणि ते आपल्या आईस मोठ्याने वाचून दाखविता येतील काय, हे स्वतःस विचारा. जे येणार नाहीत, ते टाकून द्या.

कर्कशपणाचे म्हणाल, तर या बाबतीत वडीलधाऱ्यांचेही हात स्वच्छ नाहीत. मुलाच्या गिटारने ज्यांचे डोके दुखते, तेच गृहस्थ वरातीतील डीजेपुढे मध्यरात्रीपर्यंत नाचताना दिसतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा असून रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई आहे. कानांस लावावयाच्या यंत्रांविषयी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये आणि मुलांनी ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मेटल असो, भजन असो वा वरात असो, कानास भेद कळत नाही. त्यास फक्त आवाज कळतो. ही झाली पहिली मर्यादा.

बंदीने रुची घडत नाही, हे आपल्या इतिहासाने शिकविले आहे. ज्या पेटीवाचून मराठी संगीत नाटकाची आज कल्पनाही करवत नाही, त्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० साली दार बंद केले, आणि ते किलकिले होण्यास सुमारे तीस वर्षे लागली. पेटी काही मेली नाही. पुढे १९५२ नंतर नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी अभिजात संगीताच्या कळकळीने सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली, तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. आणि १९५७ साली सरकारास स्वतःच विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू थोर होता. पण हुकुमाने कान वळत नाहीत.

आता खेळांकडे वळू. संगीत आणि खेळ यांचे नाते मुलांस ठाऊकच आहे. १९९३ साली निघालेल्या 'डूम' या खेळास मेटल धाटणीचेच संगीत होते. तो खेळ रक्तपाताचा आहे आणि लहान मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. परंतु त्याचा व्यवहार सरळ होता. पहिला भाग फुकट, आणि आवडल्यास उरलेल्या भागांसाठी एकदाच दाम. हा व्यवहार वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

जुन्या खेळांच्या कर्त्यांस यंत्राची शक्ती फार थोडी मिळत असे, आणि त्या तुटवड्यातूनच त्यांची कल्पकता फुलली. १९७८ सालच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळात शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले अधिक वेगाने चालून येत. ही योजना मुळात कोणी आखली नव्हती. चित्रे कमी झाली की दुबळ्या यंत्राचा भार हलका होई आणि ते वेगाने चाले. कर्त्याने ती उणीव तशीच राहू दिली आणि तीच खेळाची शोभा ठरली. १९८५ सालचा 'सुपर मारिओ' सारा ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही त्याच्या कितीतरी पट मोठे असते. जागा वाचविण्यासाठी आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांस एकच आकृती वापरून फक्त रंग बदलला आहे. विद्यार्थ्यांनी पुन्हा खेळताना हे अवश्य पाहावे. आयोमीची दोन बोटे आणि मारिओचे ४० किलोबाइट यांतून एकच धडा निघतो: मर्यादा ही कलेची वैरीण नसून दाई आहे.

तथापि 'आमच्या वेळचे सारे चांगले' असे म्हणणाऱ्या वडिलांस आम्ही साथ देणार नाही. शहरांतील दुकानांत नाणी टाकून खेळावयाची जी यंत्रे असत, त्यांतील कित्येक खेळ मुद्दाम अवघड केलेले असत, ते मुलाने लवकर हरावे आणि दुसरे नाणे काढावे म्हणूनच. लोभ काही काल जन्मास आला नाही. पण त्या खेळांत एक गुण होता: ते संपत. नाणी संपली की मुलगा घरी येई. टीव्हीस जोडलेल्या यंत्रात कॅसेट घालून खेळणारा मुलगा मारिओचे बत्तीस टप्पे ओलांडी, राजकन्या सुटे, आणि खेळ त्यास निरोप देई. १९८४ साली मॉस्को येथे जन्मलेल्या 'टेट्रिस'मध्ये अंतिम विजय नाही, पण हार मात्र निश्चित आहे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने तर त्याची एक जुनी आवृत्ती खेळता खेळता इतकी पुढे नेली की शेवटी खेळच बंद पडला.

आजच्या पुष्कळशा मोबाइल खेळांची रचना याच्या उलट आहे. ते फुकट मिळतात आणि संपत मात्र कधीच नाहीत. रोज हजेरी लावली तर रोज बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. एक हंगाम संपतो न संपतो तोच दुसरा सुरू. आणि अधूनमधून एक बंद पेटी, जीत काय निघेल हे पैसे भरल्यावाचून कळू नये. अशा काही पेट्या म्हणजे जुगारच होत, असे बेल्जियम देशाच्या अधिकाऱ्यांनी २०१८ साली ठरविले. येथे 'डूम'चा तो जुना व्यवहार आठवावा. तेथे मुलगा गिऱ्हाईक होता. येथे त्याचा वेळ हाच माल झाला आहे.

म्हणून नवे ते सारे वाईट काय? मुळीच नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. आपल्या हरवलेल्या धाकट्या भावास शोधण्यासाठी असुरांशी लढणाऱ्या एका मुलीची ती कथा आहे. पाचसहा तासांत ती पुरी होते आणि कथा म्हणून मनात राहते. तो खेळ नवा आहे, आपल्या मातीतला आहे, आणि त्यास शेवट आहे.

सरकारचा कायदा या कामी किती पुरेल? २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी'वर बंदी आली, ती माहितीच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव. पुढल्याच वर्षी तो खेळ नव्या नावाने परत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा संमत करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली, हे स्तुत्य आहे; आणि मुलाच्या गेमवर रागावून स्वतः मोबाइलवर रमीचे डाव टाकणाऱ्या वडिलांनी तो कायदा अवश्य वाचावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतही १ जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकृतीचा समावेश झाला आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अधिक महत्त्व येणे, आणि हानी दिसत असूनही खेळतच राहणे, ही तिची लक्षणे असून ती सामान्यतः वर्षभर टिकली तर रोग मानावा, असे तेथे म्हटले आहे. सायंकाळी तासभर खेळणारा मुलगा रोगी नव्हे, हे भित्र्या पालकांनी समजून घ्यावे. आणि पहाटे तीनपर्यंत पांघरुणाखाली खेळणारा मुलगा नुसता खोडकर नव्हे, हे निष्काळजी पालकांनी समजून घ्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचे तीन प्रश्न आहेत. जे तुम्ही ऐकता वा खेळता, त्यास शेवट आहे काय? ते तुमच्याकडून काही शिकून घेते, की नुसते बोट हलवून घेते? आणि ते दुसऱ्याबरोबर वाटून घेता येते काय? गिटारच्या तारांनी बोटांस घट्टे पडेपर्यंत सराव करणाऱ्या मुलाची आम्हांस काळजी नाही, मग त्याचे वादन कितीही कर्कश असो. ज्यास आपण काय खेळलो हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, त्याची आम्हांस काळजी आहे.

आणि पालकहो, मोबाइल हिसकावून घेणे सोपे आहे. मुलाजवळ अर्धा तास बसून 'हे काय आहे, मला शिकव' म्हणणे अवघड आहे. ते अवघड काम करा. त्याचे एक गाणे पूर्ण ऐका, आपले एक त्यास ऐकवा. त्याच्याकडून एखाद्या खेळात हरून पाहा. वेळेची मर्यादा त्याच्या संमतीने ठरवा आणि ती स्वतःही पाळा. शेताच्या धुऱ्यावर सदोदित पहारा ठेवावा लागत नाही. तो दोन्ही शेजाऱ्यांस मान्य असला की पुरे. जो धुरा बाप आणि मुलगा मिळून आखतील, तो सहसा कोणी मोडणार नाही.