शाल नको, लाल शाई द्या

प्रसंग साधाच आहे. आमचे वय वीस-एकवीस. पिशवीत दोनशे पानी वही, वहीत अकरा मराठी कथा. ज्यांचे पुस्तक वाचनालयातून तीन वेळा आणून वाचले होते, ते लेखक आमच्या शहरात संमेलनाला आलेले. मंडपामागे दोन तास उभे राहिलो. ते बाहेर आले तेव्हा वही पुढे केली, नाव सांगितले. नाव ऐकून ते थबकले, हसले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अरे वा! तुमचे मराठी फारच छान आहे हो. लिहीत राहा." वही त्यांनी उघडलीच नाही.

त्याच आठवड्यात मोहल्ल्यातील एका बुजुर्ग शायरांकडे गेलो. मुशायऱ्यांत त्यांना ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो होतो. ते म्हणाले, "बेटा, मराठी में? अपनी ज़बान में क्या कमी है?" वही त्यांनीही उघडली नाही.

एकाला आमचे नाव पुरले, दुसऱ्याला भाषेचे नाव. कथा कोणीच वाचल्या नाहीत. आमचे म्हणणे एवढेच आहे, की नव्या लेखकाला भेटणे म्हणजे त्याचे लिखाण वाचणे. बाकी सगळे उपचार.

"तुमचे मराठी छान आहे" हे कौतुक आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकले असेल. जोशी-पाटलांच्या मुलाला असे कोणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या शब्दांत पाहुण्याचे स्वागत असते, घरच्या माणसाची विचारपूस नसते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. एवढे होऊनही आम्ही पाहुणेच?

आणि खरे सांगायचे तर आमचे मराठी तेव्हा छान नव्हतेच. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. त्यामुळे आमच्या कथांत 'पाणी आला' आणि 'घर मोठा होता' असे जागोजागी होते. दुसरीकडे आमची पात्रे घरी बोलतात तशी दखनी बोलत होती. आता पाहा, निवेदनातले 'घर मोठा' ही चूक आहे, ती खोडायची. दादीच्या तोंडचे 'नक्को' ही चूक नाही, ते तिचे बोलणे आहे, ते राखायचे. हा फरक वही उघडल्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. आम्हाला तो स्वतःहून कळायला दहा वर्षे लागली. मधल्या काळात लोक हसतील या भीतीने आम्ही दादीला पुणेरी मराठी बोलायला लावले आणि चांगल्या कथा हाताने मारल्या. एखाद्या ज्येष्ठाचा अर्धा तास मिळाला असता, तर ती दहा वर्षे वाचली असती.

ज्या उर्दूत आम्ही शिकलो आणि शिकवतो, तिच्यात या अर्ध्या तासाला नाव आहे: इस्लाह. शागिर्दाने लिहायचे, उस्तादाने दुरुस्त करायचे. पानिपतचे घर सोडून दिल्लीला आलेला तरुण हाली गालिबकडे जाई आणि अवघड शेरांचे अर्थ विचारी. गालिबने त्याचे लिखाण पाहिले आणि बजावले, की तू लिहिले नाहीस तर स्वतःवरच अन्याय करशील. त्याच हालीने पुढे १८९७ साली 'यादगार-ए-गालिब' लिहून ते ऋण फेडले. तरुण इक्बालने आपल्या गझला टपालाने हैदराबादला दाग देहलवींकडे पाठवल्या. दागने त्या तपासल्या आणि थोड्याच काळात कळवले, की आता दुरुस्तीजोगे फारसे उरलेले नाही. मॅट्रिकला उर्दूतच नापास झालेल्या मंटोला अमृतसरमध्ये बारी अलीग भेटले. त्यांनी नुसती शाबासकी दिली नाही, काम दिले: व्हिक्टर ह्यूगोचे पुस्तक उर्दूत आणायचे. मंटोचे पहिले पुस्तक ते.

यातले कोणी शाल पांघरली नाही. वाचले, खोडले, कामाला लावले.

कोणी म्हणेल, मोठ्या लेखकाकडे अशा शंभर वह्या येतात, तो किती वाचणार? मान्य. शंभर नका वाचू. एका वहीतले एक पान वाचा; पण ते पान पेन हातात घेऊन वाचा. ज्यांना प्रकाशन समारंभाला जायला आणि पुस्तक न वाचता प्रस्तावना लिहायला सवड मिळते, त्यांनी वेळेची सबब सांगू नये.

दोष एकट्या ज्येष्ठांचा नाही. आम्हा नव्यांनाही प्रस्तावना हवी असते, दुरुस्ती नको असते. लेखकाबरोबर मोबाईलवर फोटो काढला, स्टेटसला टाकला, की भेट पार पडली. "ही कथा फाडून पुन्हा लिही" असे कोणी म्हटले तर आम्ही रुसतो आणि दुसरा 'आवडता लेखक' शोधतो.

आणि आपली चळवळ? १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्या मंडपाने आम्हाला जागा दिली, हे आम्ही विसरलेलो नाही. पण आम्ही ज्या ज्या संमेलनांना गेलो, तिथे सत्काराला वेळ होता, ठरावांना वेळ होता, नव्या लेखकाच्या हस्तलिखिताला नव्हता. आपली दखल घेत नाहीत म्हणून प्रस्थापितांना बोल लावायचा आणि आपल्याच पोरांच्या वह्या बंद ठेवायच्या, हे कोणत्या तोंडाने?

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण घडले. नववीतल्या एका मुलीने विड्या वळणाऱ्या आपल्या नानीवर मराठीत दोन पाने लिहून आणली. नानी म्हणते, "नक्को बेटी, हात काले होते." आमच्या लाल पेनाने सवयीप्रमाणे त्या वाक्यावर काट मारली. रात्री झोप आली नाही. ज्या गोष्टीची तक्रार आम्ही पंधरा वर्षे करतो आहोत, तीच आम्ही केली होती. दुसऱ्या दिवशी ते वाक्य परत लिहून दिले, शेजारी 'हे ठेव' असे लिहिले आणि तिसऱ्या ओळीतल्या 'माझी घर'वर गोल केला. तिने दोन्ही खुणा नीट पाहिल्या आणि विचारले, "सर, खरे लेखक भेटतात का हो?"

तिला आम्ही हो म्हटले आहे. म्हणून पुढच्या संमेलनाच्या संयोजकांकडे एकच मागणी आहे. मंडपाच्या कोपऱ्यात एक टेबल मांडा. महिनाभर आधी दहा नव्या लेखकांचे लिखाण मागवा, पाच ज्येष्ठांना वाटून द्या आणि त्या दिवशी ज्याचे त्याला खुणा करून परत द्या. दहा शाली कमी घेतल्या तर टपालखर्च सहज निघेल. लाल पेने आम्ही आमच्या शाळेतून आणतो.