'विकत घ्या' म्हणे!

'विकत' या शब्दाचा अर्थ पहिलीतल्या पोरालाही कळतो. पैसे दिले, वस्तू घेतली, वस्तू माझी झाली. मग ती मी वापरीन, मोडीन, शेजारच्या काकूंना देईन, नाहीतर रद्दीवाल्याच्या तराजूत टाकीन. दुकानदाराचा तिच्याशी संबंध संपला. इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण या शब्दापाशी मला कधी थांबावं लागलं नाही. आता निवृत्तीनंतर मात्र थांबावं लागतंय, कारण मोबाइलवर आणि संगणकावर हा शब्द सर्रास खोट्या अर्थाने वापरला जातोय आणि कुणाला त्याचं काहीच वाटत नाही!

मी बोलतेय ते ई-पुस्तकांबद्दल. (गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर यांचीही तीच कथा आहे, पण माझा जीव पुस्तकांत, म्हणून पुस्तकांबद्दलच लिहिते.) दुकानाच्या पानावर ठळक बटण असतं, 'बाय नाउ'. आपण ते दाबतो, बँकेतून पैसे जातात, पुस्तक पडद्यावर येतं. आणि कुठेतरी आत, मुंगीएवढ्या अक्षरांतल्या अटी-शर्तींमध्ये लिहिलेलं असतं की हे पुस्तक तुम्हाला विकलेलं नाही, वाचण्याचा परवाना दिलेला आहे. म्हणजे बटणावर एक आणि कागदावर दुसरंच. वर्गात एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मराठी काही इतकी गरीब भाषा नाही की या व्यवहाराला शब्द सापडू नये. भाड्याने आहे, उसनं आहे, गहाण आहे, खंडाने आहे, मक्त्याने आहे. मुंबईकरांनी तर मालकी आणि भाडं यांच्या मधल्या लोंबकळत्या अवस्थेसाठी 'पागडी' शोधून ठेवली आहे. पण पागडीची खोलीसुद्धा घरमालकाला त्याचा वाटा देऊन दुसऱ्याच्या नावावर करता येते. ई-पुस्तकाला तेवढीही सोय नाही. म्हणजे आपण 'विकत' घेतलेल्या पुस्तकाची पत गिरगावातल्या पागडीच्या खोलीपेक्षाही खाली!

परवाना म्हटल्यावर माझ्या पिढीला रेडिओचा परवाना आठवेल. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि त्या छोट्या पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा. ती पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. कटकटीची होती खरी, पण निदान त्याला परवाना म्हणत. पोस्टातल्या कारकुनाने 'रेडिओ विकत घ्या हो' असं म्हणून परवान्याचे पैसे कधी घेतले नाहीत.

आमचा भाचा संगणकवाला आहे. तो म्हणतो, "मावशी, तू उगाच शब्दात अडकतेस. पुस्तक वाचायला मिळतंय ना? मग झालं तर." त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी काही घडलेल्या गोष्टी सांगते.

पहिली २००९ सालच्या जुलैमधली. अमेरिकेत ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरून लोकांनी पैसे देऊन घेतलेली दोन पुस्तकं परस्पर पुसून टाकली. ज्याने ती दुकानात चढवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे कंपनीच्या उशिरा लक्षात आलं होतं. लोकांना पैसे परत मिळाले. पुस्तकं कुठली, तर जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म'. पहिल्या कादंबरीत सरकार गैरसोयीचा मजकूर नाहीसा करून टाकतं, आणि नेमकी तीच नाहीशी झाली! एका शाळकरी मुलाने सुट्टीतल्या अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणं काढली होती, ती निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, प्रकरण मिटलं. पण मला त्या माफीपेक्षा वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कागदी पुस्तक चुकून चोरीच्या मालातलं निघालं, तरी रात्री माझ्या घरात शिरून कपाटातून ते उचलून नेण्याची दुकानदाराची हिंमत नसते. इथे त्याला दाराचं कुलूपसुद्धा उघडावं लागलं नाही, कारण किल्ली पहिल्यापासून त्याच्याचकडे होती.

दुसरी गोष्ट २०१९ची. मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं. दुकान बंद होणं यात नवल नाही. आमच्या गल्लीतली दोन पुस्तकांची दुकानं माझ्या डोळ्यांदेखत मोबाइलची दुकानं झाली. पण तिथून घेतलेली पुस्तकं आमच्या कपाटांतून उडून नाही गेली. इथे दुकानाबरोबर गिऱ्हाइकांची पुस्तकंही गेली. कंपनीने पुस्तकांचे पैसे परत दिले आणि ज्यांनी त्यांत टिपणं केली होती त्यांना वर पंचवीस डॉलर. एखाद्याने वर्षभर समासात लिहिलेल्या विचारांची सरसकट किंमत पंचवीस डॉलर! ती मागणी कुणी केली होती हो?

तिसरी गोष्ट अगदी ताजी. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घेऊन तारेने यंत्रात घालण्याची एक सोय होती. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉनने ती बंद केली. आपली एक प्रत आपल्यापाशी असावी म्हणून काही माणसं ती वापरत होती. ती खिडकीही लागली.

आता कुणी म्हणेल, बाई जुन्या वळणाच्या, यांना कागदाचा वास हवा असतो. मुळीच नाही! मोतीबिंदूच्या आधी दोन वर्षं मी जे काही वाचलं ते पडद्यावर अक्षर मोठं करून वाचलं. त्या सोयीचे उपकार मी विसरणार नाही. दिवा न लावता रात्री वाचता येतं, प्रवासात ओझं होत नाही, परदेशातल्या आमच्या नातवंडांना मराठी पुस्तक त्याच दिवशी मिळतं. तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते किल्लीशी.

एक मराठी कादंबरी मी अशीच ई-पुस्तक म्हणून घेतली. आवडली. शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना वाचायला द्यावी म्हटलं, तर देता येईना. त्यांच्या मोबाइलवर पाठवायची सोयच नाही. भाच्याने उपाय सांगितला की त्यांना तुझा पासवर्ड दे. म्हणजे पुस्तक उसनं देण्यासाठी घराची किल्ली द्यायची! शेवटी मी कागदी प्रत आणून दिली. गेल्या वर्षभरात ती चार घरं फिरली आहे, आणि परत आली तेव्हा तिच्यात एक तिकीट आणि हळदीचा डाग होता. माझी काही तक्रार नाही.

आपल्याकडे वाचन वाढलंच मुळी या फिरण्यावर. जूनमध्ये वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत पुस्तकं घ्यायची, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालायची, पुढच्या जूनमध्ये ती खालच्या वर्गात जायची. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेऊन किती पोरं शिकली याची मोजदाद नाही. हे सगळं कायदेशीर होतं आणि आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखनाच्या प्रती लोकांत आणण्याचा हक्क तो लेखकाला देतो, पण एकदा चलनात आलेल्या प्रतीवर तो हक्क चालत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. म्हणजे विकलेली प्रत पुढे कुणी कुणाला द्यावी हे सांगायला लेखक येत नाही आणि प्रकाशकही येत नाही. कायद्याने जे लेखकालासुद्धा दिलं नाही, ते दुकानदाराने अटी-शर्तींच्या कागदावर आपल्याकडे घेऊन टाकलं!

"पण मावशी, चोरीचं काय?" हा भाच्याचा हुकमी प्रश्न. प्रश्न खरा आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची. त्या हजार खपायला कधी कधी वर्षं लागतात. अशा वेळी कुणी नवीन पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲपवर 'वाचा आणि पुढे पाठवा' म्हणून सोडून देतो, तो साहित्यसेवा करत नाही, लेखकाच्या ताटातलं उचलतो. आपल्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर असल्या पीडीएफ येतात. मी दरवेळी ओरडते, मग दोन दिवस सगळे गप्प असतात. (कोण ते तुम्हाला माहीत आहे.) तेव्हा कॉपीराइट मोडा असं माझं म्हणणं नाही. दोन्ही बाजूंनी पाळा असं म्हणणं आहे.

आणि कुलपाने चोरी थांबते का? चोर कुलूप तोडतोच. अडकतो तो पैसे देणारा. टॉर ही विज्ञानकथांची नामवंत प्रकाशनसंस्था. तिने २०१२ मध्ये आपल्या ई-पुस्तकांवरची कुलपं काढून टाकली आणि वर्षभराने सांगितलं की चोरी वाढल्याचं काही दिसलं नाही. गाण्यांच्या बाबतीत ॲपलने २००९ मध्येच विकत घेतलेल्या गाण्यांवरची कुलपं काढली. गाण्यांचा धंदा बुडाला नाही.

आपल्या कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असलं डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ठीक आहे. पण विकलेल्या वस्तूला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवणाऱ्याने दुकान गुंडाळताना काय करायचं, हे कायद्यात कुठे आहे? तोडणाऱ्याला शिक्षा लिहिली, लावणाऱ्याची जबाबदारी लिहायची राहिली.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने निदान शब्दाची तरी दखल घेतली. तिथे १ जानेवारी २०२५ पासून नियम असा की डिजिटल वस्तूचा नुसता परवाना देत असाल, तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' हा शब्द वापरता येणार नाही. आपल्याला हे का जमू नये? ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केली. देशात ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ साली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हक्काची भाषा आपण सरकारच्या आधी बोलत होतो. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवाफसवीच्या तेरा प्रकारांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, गुपचूप टोपलीत जास्तीची वस्तू टाकणं वगैरे. त्यात हा चौदावा घाला. परवाना देताना 'विकत' म्हणणं.

माझ्या मागण्या फार नाहीत. भाड्याने देत असाल तर बटणावर 'भाड्याने' लिहा आणि भाड्याएवढेच पैसे घ्या. विकत असाल तर खरंच विका, म्हणजे मला ते उसनं देता येऊ दे, भेट देता येऊ दे. दुकान बंद करायचं असेल तर जाण्यापूर्वी प्रत्येकाला त्याच्या पुस्तकांची बिनकुलपाची प्रत द्या. आणि आपल्या मराठी प्रकाशकांना हात जोडून विनंती, की मोठ्या दुकानांवर जायचं तर जा, पण स्वतःच्या संकेतस्थळावरही बिनकुलपाची ई-पुस्तकं विका. बालभारती आपली पाठ्यपुस्तकं पीडीएफ म्हणून फुकट उतरवू देते. साहित्य आणि संस्कृती मंडळानेही कितीतरी ग्रंथ तसेच खुले केले आहेत. तुम्ही फुकट देऊ नका, चांगले पैसे घ्या, पण घेतल्यावर सोडा.

भाचा विचारतो की तुझं एवढं काय अडलंय. अडलंय ते सांगते. सत्तरी उलटून गेली. घरात यांची आणि माझी मिळून हजारभर पुस्तकं आहेत. यांच्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा आहेत, कुठे 'खरंच?' तर कुठे नुसतंच एक उद्गारचिन्ह. त्या खुणा वाचत मी अजून त्यांच्याशी वाद घालते. ती पुस्तकं कुणी कुणी घ्यायची ते मी वहीत लिहून ठेवलंय. उरलेली शाळेच्या ग्रंथालयात जातील. गेल्या काही वर्षांत घेतलेली सत्तरेक पुस्तकं मात्र त्या वहीत लिहिता येत नाहीत. पैसे मी मोजले, खुणा मी केल्या, आणि अटी म्हणतात की खातं दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. माझ्याबरोबर ती पुस्तकंही जाणार. सती जायची पद्धत आपण कधीच बंद केली, ती या पुस्तकांना कुणी लावली?

असो. तुमच्यापैकी कुणाचं असं 'विकत' घेतलेलं काही नाहीसं झालं असेल तर जरूर कळवा. आणि नातेवाईक मंडळी, येत्या वाढदिवसाला कुणीही ई-पुस्तकाचं गिफ्ट कार्ड पाठवू नका. कागदाचं पुस्तक पाठवा, पहिल्या पानावर तुमचं नाव आणि तारीख घालून. अक्षर बारीक असलं तरी चालेल, आता डोळे नवीन आहेत.