सहीच्या आधी शब्दाचा अर्थ विचारा!

आपल्या पवनी तालुक्यात पोरांना इंग्रजीचे स्पेलिंग पाठ करायला लावायची हौस मोठी. चांगलं आहे. पण जे इंग्रजी शब्द आपल्या सातबाऱ्यावर आणि पासबुकावर येऊन बसलेत, त्यांचा अर्थ कोण सांगणार?

चारच शब्द घ्या.

लिएन. धानाचे चुकारे खात्यात जमा दिसतात, पण काढता येत नाहीत. काउंटरवरून उत्तर येतं, "लिएन लागलं आहे." शेतकरी मान हलवून परत येतो. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ अर्थ बांधणं. म्हणजे आपलं दावं! "तुमच्या पैशाला दावं बांधलं आहे" असं सांगितलं असतं, तर शेतकऱ्याने लगेच विचारलं असतं, कोणी बांधलं, कोणत्या कर्जापोटी, आणि मला आधी का नाही सांगितलं?

हायपोथिकेशन. मूळ ग्रीक, अर्थ 'खाली ठेवणं'. माल तारण असतो, ताबा मात्र आपल्याकडेच राहतो. मराठीत याला नजरगहाण म्हणतात.

सोलेशियम. लॅटिनमध्ये अर्थ दिलासा. जमीन सक्तीने घेतली म्हणून मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम. जुन्या 1894 च्या कायद्यात 1984 च्या दुरुस्तीनंतर ती 30 टक्के होती, 2013 च्या कायद्यात 100 टक्के झाली. हा हक्क आहे.

एक्स ग्रेशिया. हेही लॅटिनच. अर्थ 'कृपेपोटी'. सरकारी मराठीत सानुग्रह अनुदान. म्हणजे दिलं तर मेहरबानी, नाही दिलं तर कोर्टात भांडायला जागा कमी.

आता बघा, शेवटच्या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक हक्क, दुसरी कृपा. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 ची. ज्या तालुक्याने या धरणासाठी घरं-शेती दिली, तिथे हा फरक प्रत्येक घराला माहीत असायला नको का?

काही जण म्हणतील, "हे तांत्रिक शब्द आहेत, मराठीत नाहीत." साफ खोटं. दिलासा रक्कम, गहाण, तारण, बोजा हे शब्द आपल्या आजोबांना ठाऊक होते. उलट सरकारी कोशातला 'धारणाधिकार' इंग्रजीइतकाच परका वाटतो, हेही खरं. मग 'बोजा' लिहा ना भाऊ, कोण अडवतं?

राज्याचा राजभाषा कायदा 1964 चा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फटाके फुटले. बँकांचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराला समजेल त्या भाषेत कळवावं, असाही नियम आहे. नियम कागदावर, आणि कर्जाचा कागद इंग्रजीत!

न समजणारा शब्द नेहमी ज्याने कागद छापला त्याच्याच फायद्याचा असतो. म्हणून माझं सांगणं एवढंच. पुढच्या वेळी "इथे सही करा" म्हटलं, की पेन खाली ठेवा. मराठी प्रत मागा. नसेल तर अवघड शब्दाचा अर्थ समासात मराठीत लिहून घ्या. दिला नाही तर तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

लाज न समजण्यात नाही. न समजता अंगठा उमटवून घेणाऱ्यांना वाटली पाहिजे.

तुमच्या कागदावर असा कोणता शब्द आहे? कमेंटमध्ये टाका. खाते नंबर टाकू नका, फक्त शब्द.